शाळकरी मुलांवर सर्व्हे करायचा आहे: एथिक्स कमिटीची मंजुरी कशी मिळवावी, अर्ज कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला महापालिकेच्या शाळांमधल्या आठवी-नववीच्या २०० मुलांचा मोबाइलचा वापर, झोप आणि नैराश्याची लक्षणं यांवर सर्व्हे करायचा आहे. कॉलेजात एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव नैतिकतेच्या दृष्टीने तपासून मंजूर करणारी समिती, नाही. ‘नुसती प्रश्नावली तर आहे, मुख्याध्यापकांचं पत्र पुरे’ असं तिला सांगितलं गेलं आहे. पण ज्या नियतकालिकाला लेख पाठवायचा आहे, ते मंजुरीचा क्रमांक मागतं. डिसर्टेशन जमा करायला चार महिने उरलेत.

मुख्याध्यापकांचं पत्र पुरत नाही. त्या पत्राने तुम्हाला शाळेत पाऊल टाकता येतं, एवढंच. मुलाला प्रश्न विचारायची परवानगी त्याचे पालक देतात, आणि उत्तर द्यायचं की नाही हे ते मूल स्वतः ठरवतं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्ही लागतात. आपल्याच देशातलं उदाहरण आहे: २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा प्रकल्प चालू होता. तिथे वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने आपल्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस आणि प्रश्नावली यांत फरक आहेच, पण ‘मुलं आमच्या ताब्यात आहेत, म्हणून सही आम्ही करतो’ ही चूक दोन्हीकडे सारखीच आहे.

‘प्रश्नावलीला मंजुरी लागत नाही’ हा समज येतो कुठून, तेही पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीचे तीन मार्ग आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण बैठक. सूट मिळू शकेल अशा कामांची यादीही तिथे आहे. सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीवरचा अभ्यास, ओळख न नोंदवता केलेलं सार्वजनिक वागणुकीचं निरीक्षण, शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना, खाद्यपदार्थांच्या चवीची चाचणी, असं काहीसं. मात्र सूट आहे की नाही हे कमिटी ठरवते, विद्यार्थी किंवा गाईड नव्हे. सूट हवी असली तरी अर्ज करावाच लागतो आणि उत्तर लेखी घ्यावं लागतं. तुमच्या अभ्यासात १८ वर्षांखालची मुलं आहेत आणि विषय नैराश्याचा आहे. त्यामुळे तो पूर्ण बैठकीतच जाईल असं धरून चाला. हाच सर्व्हे सज्ञान लोकांच्या झोपेच्या सवयींवर असता, तर बहुधा जलद तपासणीत एक-दोन सदस्यांनी पाहून निकाल दिला असता.

कॉलेजात कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. त्यासाठी दोन संस्थांमध्ये लेखी करार लागतो, आणि कमिटी शक्यतो जवळपासची असावी अशी अपेक्षा असते. पुण्यात हे अवघड नाही. वैद्यकीय महाविद्यालयं, संशोधन करणारी रुग्णालयं, खासगी विद्यापीठं अशा अनेक ठिकाणी कमिट्या आहेत. सुरुवात आपल्या विद्यापीठापासून आणि विभागप्रमुखांपासून करा. विद्यापीठाच्या पातळीवर सोय असेल तर वेगळ्या कराराची कटकट वाचते. बाहेरच्या कमिटीला पहिलं पत्र गाईडच्या आणि प्राचार्यांच्या सहीनेच जाऊ द्या. त्यात चार गोष्टी विचारा: बाहेरच्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव घेता का, पुढची बैठक कधी आहे आणि कागद किती दिवस आधी हवेत, शुल्क किती, आणि आरोग्य संशोधन विभागाकडचा नोंदणी क्रमांक काय. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या कमिटीने आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करायची असते. मानसिक आरोग्यावरचा सर्व्हे हा आरोग्य संशोधनातच मोडतो.

कमिटीची रचनाही एकदा पाहून घ्या. सदस्य ७ ते १५, अध्यक्ष संस्थेबाहेरचे, निम्मे तरी सदस्य बाहेरचे, आणि त्यांत कायद्याचे जाणकार, समाजशास्त्राचे जाणकार आणि एक सामान्य नागरिक. कोरम किमान पाच जणांचा. ओळखीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर ‘आमची हरकत नाही’ असं लिहून आणलेलं पत्र म्हणजे मंजुरी नव्हे, आणि संपादकांना ते एका नजरेत कळतं.

आता वेळेचं गणित. बऱ्याच कमिट्या महिन्या-दोन महिन्यांनी बसतात, कागद दोन-तीन आठवडे आधी मागतात, आणि पहिल्या फेरीत विनाशंका मंजुरी क्वचितच मिळते. पूर्ण बैठकीच्या अर्जाला दीड ते तीन महिने धरावे लागतात. चार महिन्यांत मंजुरी, माहिती गोळा करणं, विश्लेषण आणि लेखन बसवायचं असेल, तर पहिल्या पंधरा दिवसांत अर्ज गेलाच पाहिजे. तो जाणार नसेल, तर विषय आत्ताच बदला. उदाहरणार्थ, १८ वर्षांवरच्या पदवीच्या विद्यार्थ्यांची झोप आणि मोबाइल. गाईडशी हे बोलायला संकोच वाटतो, पण तिसऱ्या महिन्यात बोलण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात बोललेलं बरं.

एक पेच इथे हमखास येतो. महापालिकेचा शिक्षण विभाग म्हणतो, आधी एथिक्सचं पत्र आणा. कमिटी म्हणते, आधी शाळेची परवानगी आणा. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करा. शिक्षण विभागाच्या अर्जाची पोच कमिटीच्या फाइलला जोडा आणि कव्हर लेटरमध्ये लिहा: ‘दोन्ही परवानग्या हाती आल्याशिवाय एकाही मुलाकडून माहिती घेतली जाणार नाही.’ बहुतेक कमिट्या मग शाळेची परवानगी मिळण्याच्या अटीवर मंजुरी देतात.

प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यास कसा करणार याचा तपशीलवार आराखडा, लिहिताना एकच सूत्र धरा. एका मुलाला डोळ्यांसमोर आणा आणि तुमचं नाव त्याच्या कानावर पडल्यापासून ते त्याचा कागद नष्ट होईपर्यंत त्याच्या बाबतीत काय काय घडेल, ते क्रमाने लिहून काढा. त्याला कोण सांगणार, कुठे, कोणासमोर? तो नको म्हणाला तर बाकीचे भरत असताना तो कुठे बसणार? त्याने लिहिलेलं कोण वाचणार? कमिटीच्या शंका नेमक्या तिथेच येतात जिथे ही साखळी तुटलेली असते. संदर्भांची वीस पानं जोडल्याने ती जुळत नाही.

नमुन्याच्या संख्येपासून सुरुवात करू, कारण ‘२०० कुठून आले?’ हा प्रश्न येणारच. लक्षणं असलेल्या मुलांचं प्रमाण ५० टक्के धरून, ९५ टक्के विश्वासपातळीवर, ५ टक्के चुकीची मर्यादा ठेवली तर ३८५ मुलं लागतात. ७ टक्के ठेवली तर १९६. म्हणजे २०० चं समर्थन होऊ शकतं, पण एकेक मूल स्वतंत्रपणे निवडलं तरच. तुम्ही अख्खे वर्ग घेणार असाल तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून संख्या वाढवणारा गुणक, म्हणजे डिझाइन इफेक्ट, लावावा लागतो. तो १.५ धरला तर १९६ चे २९४ होतात. हा प्रश्न नुसत्या संख्याशास्त्राचा नाही. ज्या अभ्यासातून काहीच निष्पन्न होऊ शकत नाही, त्यासाठी मुलांचा वेळ घेणं आणि त्यांना अवघड प्रश्न विचारणं हेच मुळात गैर आहे, म्हणून कमिटी ते विचारते.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली किंवा किशोरवयीनांसाठीची तिची आवृत्ती घ्याल. ती मोफत वापरता येते. बेक यांची नैराश्य मोजण्याची मापनश्रेणी मात्र प्रताधिकारात आहे आणि तिच्या परवानगीचा कागद जोडावा लागतो. मराठी आवृत्ती कोणाची आणि कुठून घेतली, ते नमूद करा. स्वतः भाषांतर केलं असेल तर दुसऱ्या कोणाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घेऊन मूळ मजकुराशी ताडून पाहा आणि ते कागद जोडा.

खरी अडचण नवव्या प्रश्नाची आहे. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हे तो विचारतो. बहुसंख्य विद्यार्थी अर्जात एकीकडे ‘प्रश्नावली निनावी राहील’ असं लिहितात आणि दुसरीकडे ‘गरज पडल्यास समुपदेशन देऊ’ असंही. हे दोन्ही एकत्र शक्य नाही. कागदावर ओळखच नसेल, तर ‘जवळजवळ रोज’ या पर्यायावर खूण करणारं मूल तुम्हाला शोधणार कसं? इथे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, नववा प्रश्न वगळून आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वापरा आणि प्रश्नावली खरोखर निनावी ठेवा. ही आवृत्ती मान्यताप्राप्त आहे आणि लक्षणांचं प्रमाण पाहायला पुरते. दोन, नववा प्रश्न ठेवा, पण प्रत्येक कागदाला सांकेतिक क्रमांक द्या, नावांची यादी वेगळी कुलपात ठेवा, आणि शाळेतून निघण्याआधी त्याच दिवशी सगळे कागद तपासा. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कुठलंही उत्तर असेल, तर त्याच दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने त्या मुलाशी एकांतात बोलायचं आणि पालकांना कळवायचं. एकूण गुण १० किंवा जास्त असतील तर काही दिवसांत संदर्भसेवा द्यायची, म्हणजे मुलाला पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचं. ही प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे तुम्ही नव्हे. गाईड क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ असतील तर त्या, नाहीतर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. आणि ‘पाठवलेली मुलं आम्ही पाहू’ असं त्यांचं सहीचं पत्र अर्जाला जोडलेलं हवं. सर्व मुलांना, गुण काहीही असोत, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि बालकांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक छापलेली चिठ्ठी द्या. दोघांनाच दिली तर वर्गाला कळतं ती का दिली.

माझं मत विचाराल तर चार महिन्यांच्या डिसर्टेशनसाठी पीएचक्यू-८ घ्या. दुसरा मार्ग निभावायला जी माणसं लागतात, ती विद्यार्थ्याकडे सहसा नसतात, आणि नसताना तो प्रश्न विचारणं म्हणजे मुलाला बोलतं करून निघून जाणं.

गोपनीयतेचं वचन देतानाही जपून. ‘तू जे सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ हे वाक्य मुलांच्या अभ्यासात लिहायचंच नाही. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकावरही. म्हणून माहितीपत्रकात स्पष्ट लिहा: ‘तुझी उत्तरं आम्ही तुझ्या शिक्षकांना किंवा घरच्यांना दाखवणार नाही. पण तुला कोणी त्रास देतंय किंवा तुझ्या जिवाला धोका आहे असं आम्हाला कळलं, तर तुझ्या मदतीसाठी आम्हाला योग्य माणसांना सांगावं लागेल.’ शेवटी ‘आणखी काही लिहायचं असल्यास’ अशी मोकळी जागा ठेवली असेल, तर ती का ठेवली याचा विचार करा. तिथे काय लिहून येईल हे सांगता येत नाही, आणि आलेलं वाचल्यावर तुम्ही मोकळे राहत नाही.

कागद दोन लागतील. पालकांसाठी माहितीपत्रक आणि संमतिपत्र, मुलांसाठी साधं माहितीपत्रक आणि असेंट, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार. आयसीएमआरप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ मधल्यांची लेखी असेंट घ्यायची असते. आठवी-नववीची मुलं लेखीत येतात. इतक्या कमी जोखमीच्या अभ्यासाला एका पालकाची सही चालते. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर उत्तर ‘नको’ असंच. सही करता न येणाऱ्या पालकासाठी अंगठा आणि वाचू शकणारा त्रयस्थ साक्षीदार हवा. तो साक्षीदार तुमची मैत्रीण किंवा वर्गशिक्षिका नसावी.

भाषेवर अर्ज सर्वांत जास्त अडतात. ‘सदर संशोधनातील सहभागाबाबत माझी कोणतीही हरकत नसून होणाऱ्या परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन’ अशा वाक्यात दोन दोष आहेत. जनता वसाहतीत किंवा हडपसरला राहणाऱ्या, कामावरून दमून आलेल्या आईला ते कळत नाही. आणि जबाबदारी तिच्यावर ढकलणं नियमांत बसत नाही. सहभागी व्यक्तीने आपले हक्क सोडून दिल्याचं कुठलंही वाक्य संमतिपत्रात चालत नाही. त्याऐवजी लिहा: ‘तुमच्या मुलाला एक तास बसून ४० प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगू. काही प्रश्न उदास वाटण्याबद्दल आहेत. ते वाचून त्याला वाईट वाटू शकतं. तो मध्येच थांबू शकतो. नाही म्हटलं तरी त्याच्या मार्कांवर किंवा शाळेतल्या कशावरही परिणाम होणार नाही.’ याशिवाय हे संशोधन आहे हे वाक्य, उद्देश, एकूण किती मुलं, फायदा काय (थेट फायदा नसेल तर ‘नाही’ असंच लिहा), माहिती किती काळ ठेवणार, तुमचा आणि गाईडचा फोन, आणि तक्रारीसाठी कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींचा संपर्क हवा. वर्गात हिंदी किंवा कन्नड घरची मुलं असतील तर पालकांचा कागद त्यांच्या भाषेतही लागेल. सही झालेल्या कागदाची एक प्रत पालकांकडे राहिली पाहिजे.

‘आठ दिवसांत नकार न आल्यास संमती आहे असे समजू’ ही युक्ती बहुतेक कमिट्या नाकारतात, आणि बरोबरच करतात. दप्तरात चुरगळलेला कागद म्हणजे होकार नव्हे. पालकसभेला जाऊन स्वतः समजावून सांगा. तरी सगळे कागद परत येणार नाहीत. समजा दहापैकी सहा आले, तर २०० साठी ३३४ वाटावे लागतील. हा आकडा प्रोटोकॉलमध्ये आधीच असू द्या.

प्रश्नावली भरताना वर्गशिक्षक बाहेर असावेत. ‘चला, सगळ्यांनी भरायचंय’ असं त्यांनी म्हटलं की असेंटला अर्थ उरत नाही. भाग न घेणाऱ्या मुलांनाही एक कागद द्या, शब्दकोडं किंवा चित्र, म्हणजे कोण भरत नाही हे शेजारच्याला कळत नाही. भेटवस्तू द्यायची तर सगळ्या वर्गाला, पेनासारखी छोटी.

माहितीच्या सुरक्षेबद्दल ‘डेटा गोपनीय ठेवला जाईल’ एवढं वाक्य पुरत नाही. संमतिपत्रं एका कपाटात, प्रश्नावल्या दुसऱ्यात, सांकेतिक क्रमांक दिले असतील तर क्रमांक-नाव यादी गाईडकडे. एक्सेल फाइलला पासवर्ड, तिच्यात नाव, जन्मतारीख आणि शाळेचं नाव नाही. संमतिपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे नाहीत. गुगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद करा, आणि ती बंद असल्याचा स्क्रीनशॉट जोडा. कमिटीच्या नोंदी अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं ठेवायच्या असतात. मूळ कागद तुम्हीही निदान तेवढे जपा, आणि नंतर कोण कसे नष्ट करणार ते लिहा.

प्रत्येक कागदाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख टाका: ‘आवृत्ती १.०’. शंका आल्या की तीन रकान्यांचा तक्ता करा: शंका, उत्तर, बदललेल्या मजकुराचं पान. सुधारित कागद ‘आवृत्ती १.१’ म्हणून, बदल रंगवून पाठवा. एखादी सूचना पटली नाही तर कारण लिहा. कमिटी ऐकून घेते. गाईड स्वतः कमिटीवर असतील, तर त्या चर्चेच्या वेळी बाहेर होत्या ही नोंद मंजुरीपत्रात आहे का, ते पाहा. मंजूर कागदांची यादी आवृत्तीसह आणि हजर सदस्यांची नावंही त्या पत्रात असावीत.

दुसऱ्या प्रकारचे अभ्यास करणाऱ्यांसाठी थोडक्यात. रुग्णालयातल्या जुन्या केसपेपरवरच्या कामात संमतीतून सूट मागता येते, पण ती मागावी लागते, आणि अधीक्षकांची परवानगी वेगळी. कचरावेचक किंवा घरकामगार महिलांच्या मुलाखतीत सहीची भीती वाटत असेल, तर तोंडी संमती साक्षीदारासमोर नोंदवण्याची विनंती कमिटीला करता येते. आपल्याच कॉलेजच्या ज्युनियर मुलांवर अभ्यास असेल तर फॉर्म शिक्षकांनी वाटू नयेत. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची नुसती मुलाखत असली तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे त्यांची स्वतःची संमती लागते. कुठल्याही उपचाराची चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणी.

आणि पायलट, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी. दहा मुलांवर प्रश्नावली ‘करून पाहिली’ तरी ते संशोधनच आहे. पायलट प्रोटोकॉलमध्येच लिहा आणि मंजुरीनंतर करा. माहिती आधीच गोळा केली असेल, तर कमिटी मागील तारखेने मंजुरी देऊ शकत नाही. तारखा बदलण्याच्या फंदात पडू नका. गाईडना सांगा, कमिटीला लेखी कळवा. ती माहिती बहुधा प्रकाशित करता येणार नाही, पण पुढच्या टप्प्यासाठी मंजुरी मिळू शकते.

मंजुरीनंतर एखादा प्रश्न बदलला, शाळा वाढवली, वर्ग बदलला, तरी आधी सुधारणेचा अर्ज आणि मगच काम. एखादं मूल रडलं, पालकांनी तक्रार केली, कागद हरवला, तर ते कमिटीला कळवायचं असतं. किती दिवसांत, ते त्यांच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, असतं. मंजुरी बहुधा एका वर्षाची असते. काम संपल्यावर समाप्ती अहवाल द्या: किती कागद वाटले, किती परत आले, किती मुलांनी मध्येच सोडलं, किती जणांना पुढे पाठवलं. तो न दिल्यामुळे फाइल उघडीच राहते, आणि त्याच गाईडच्या पुढच्या विद्यार्थ्याचा अर्ज तिथे अडतो.